विलीची गिटार, आबांची पेटी

अमेरिकेचा कंट्री गायक विली नेल्सन म्हटलं की लोक थेट १९७५च्या ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’पासून बोलायला लागतात. माझी सुई त्याच्या चार वर्षं आधी अडकलीय, ‘यस्टर्डेज वाइन’ या अल्बमवर. १९७१ साली आला तेव्हा फारसा कुणी घेतलाच नाही.

डिसेंबर १९७०मध्ये टेनेसीतल्या रिजटॉपचं त्याचं घर जळालं. आत घुसून गड्यानं काय वाचवलं, तर गिटार. (आणि गांजा. ते आबांना सांगितलं नाही.) वाचताना २०१९चा महापूर आठवला. कोल्हापुरात शाहूपुरीत आमच्या उंबऱ्याला पाणी लागलं, तसं आबांनी सगळ्यात आधी भजनाची पेटी माडीवर नेली. गहू, मिक्सर, माझी दहावीची सर्टिफिकेटं खालीच. आई अजून ऐकवते.

तर हा अल्बम म्हणजे एका माणसाचा जन्म ते मरण. सुरुवातीला वरच्या कुणाशी तरी त्याचं बोलणं होतं. तो म्हणतो, परिपूर्ण माणूस येऊन गेला, आता अपुऱ्या माणसाचं ऐकवायचंय. वरून उत्तर येतं, एप्रिल चालू आहे, तू वृषभेचा, जा. पत्रिका बघून पाठवणी! विलीही एप्रिलचाच. यात ‘फॅमिली बायबल’ आहे. नड होती म्हणून ५० डॉलरला विकून टाकलेलं गाणं. १९६०मध्ये क्लॉड ग्रेनं ते गाजवलं, तेव्हा गीतकारांत विलीचं नावच नव्हतं. इथं तो ते स्वतः गातो, तालाच्या जरा मागं रेंगाळत, उगाच गळा न काढता. ‘समर रोझेस’ मात्र मला पुळचट वाटतं.

शेवटच्या ‘गोइंग होम’ला आबा दारात येऊन उभे राहिले. “काय म्हणतोय रं?”

“मेलाय. आणि स्वतःच्या मयताला कोण कोण आलंय ते बघतोय.”

“मग तुकोबांनी काय वेगळं सांगितलंय?” म्हणत त्यांनी पेटी ओढली. पुराच्या ओलीनं तिचा एक सूर अजून अडकतो, तो बोटानं उचलावा लागतो. पट्टी शोधायला त्यांना दोन मिनिटं लागली. मग डोळे मिटून, शब्दांशिवाय, विलीच्या मागोमाग संथ गुणगुणायला लागले.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, “कोण गेलं ओ?”