रॅम आणायला गेलो, पेस्ट घेऊन आलो

आज भाच्याला घेऊन मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर मार्केटला गेलेलो. त्याला गेमिंगसाठी अजून १६ जीबी रॅम हवी होती आणि मी आपला जुना भाव डोक्यात धरून गेलो. दुकानदाराने आकडा सांगितला तर मला वाटलं दोन स्टिकचा सांगतोय. नाही, एकाच! "मामा, परत फिरूया" हे भाचाच म्हणाला.

एआयच्या डेटा सेंटरना मेमरी पुरेना म्हणून माल तिकडे वळतोय, मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये आपल्या क्रुशल ब्रँडची रिटेल विक्रीच गुंडाळायचं जाहीर केलं. धंदा आहे, मान्य, पण इतकी वर्षं एकेक पार्ट जमवून पीसी बांधणारी पोरं आता रांगेत शेवटी, हे मला काय पटत नाय.

मग थर्मल पेस्टची (सीपीयूची उष्णता कूलरकडे नेते ती) ट्यूब तेवढी घेतली आणि घरी येऊन कॅबिनेट उघडलं. बाबौ! कूलरमध्ये धुळीची गोधडी, जुनी पेस्ट खडूसारखी सुकलेली. टूथब्रशने पंखा घासला, नवी पेस्ट वाटाण्याएवढी लावली, ९३ डिग्रीवर जाणारा सीपीयू ७४ वर आला. आणि खरी गंमत पुढे, असेंबल करणाऱ्याने दोन्ही रॅम शेजारशेजारच्या स्लॉटमध्ये कोंबलेल्या, म्हणजे दोन वर्षं पोरगा सिंगल चॅनलवर, रॅमच्या दोनऐवजी एकाच वाटेवर, खेळतोय! दुसऱ्या नि चौथ्या स्लॉटमध्ये टाकल्या, बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) रॅमला तिच्या पूर्ण वेगाने पळवणारं एक्सएमपी चालू केलं, काउंटर-स्ट्राइक मस्त पळायला लागला.

ताई विचारतेय रॅमचे दिलेले पैसे कुठे गेले. वडापाव आणि टॅक्सी, अजून काय.