सरांसाठी रद्द केलेली रेशमाची खरेदी

टूरच्या धंद्यात स्थळं तीन प्रकारची असतात: आतून बघायची, बाहेरून बघायची आणि बसमधून बघायची. चीनमधल्या शिआन शहराच्या आमच्या कार्यक्रमात मातीची सेना (जुन्या सम्राटाच्या थडग्यापाशी पुरलेले मातीचे सैनिक) आतून होती आणि मोठा हंस पॅगोडा हा बौद्ध मनोरा बाहेरून. बाहेरून म्हणजे फोटो काढायचे आणि बसमध्ये बसायचं.

सकाळी मातीची सेना झाली. १९७४ साली विहीर खणताना शेतकऱ्यांना सापडलेले ते सैनिक सगळे डोळे विस्फारून बघत होते. माझं लक्ष मात्र माणसं मोजण्यात. चीनचा ग्रुप व्हिसा एकाच कागदावर असतो. आत शिरलेल्या सगळ्यांनी एकत्रच बाहेर पडायचं. एक जण हरवला तर सगळी टूर लटकते.

पॅगोडापाशी साताऱ्याचे एक निवृत्त इतिहासशिक्षक अडून बसले. "मी फक्त यासाठी आलोय. वर जायचंय." इ.स. ६४५ मध्ये ह्युएनत्संग भारतातून ६५७ ग्रंथ घेऊन परतला आणि ते ठेवायला ६५२ मध्ये हा पॅगोडा बांधला गेला. हर्षाला न जुमानणाऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्राबद्दलही त्याने लिहून ठेवलंय: इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमान करणाऱ्याला सोडत नाहीत. सर हे सांगायला लागले, तशी आमची चिनी गाइड पोरगी चमकली. लढाई हरलेल्या सेनापतीला बायकांचे कपडे देत, हा त्याच वर्णनातला पुढचा तपशील तिने इंग्रजीत सांगितला. तिने ते वाचलेलं होतं. आमच्या ऑफिसात कुणी वाचलं असेल असं वाटत नाही, नाहीतर पॅगोडा 'बाहेरून' ठेवला नसता.

वर चढायचं तिकीट वेगळं. वेळ काढायचा तर पुढचं रेशमाचं दुकान रद्द करावं लागणार होतं. (दुकानाला वेळ कधीच कमी पडत नाही. कमिशन कुणाकुणाला पोचतं ते धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे.) मी दुकान रद्द केलं. गाइड काही न बोलता तिकीट काढायला गेली. सर सात मजले चढून आले, घामाने निथळत.

बसमध्ये दोन ताई फुगून बसल्या होत्या. लेकीसाठी रजई घ्यायची होती. त्यांचंही चूक नव्हतं, पैसे त्यांनीही भरले होते.

मला खटकतंय ते वेगळंच. या पोरींची कमाई पगारापेक्षा दुकानांवर जास्त. सरांना पॅगोडा मी दाखवला, पण पैसे तिचे गेले. रात्री ऑफिसला मेसेज केला, तिचं नुकसान भरून देता येईल का म्हणून.

उत्तर आलं: "कार्यक्रमात बदल कोणाच्या परवानगीने केला?"