कोंबडी निर्दोष सुटली

रात्री दोन वाजता पलंगाखालून ‘चप चप चप’ असा आवाज यायचा. आमचा लॅब्राडॉर, खंडू, पंजे चाटत बसलेला असायचा. तेव्हा तो दीड वर्षाचा होता. लाळेने त्याचे पिवळसर पंजे विटकरी झाले होते आणि कानांना आंबलेल्या पिठासारखा वास येत होता.

पहिले सहा महिने आम्ही एकच चक्र फिरवलं. स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं की दोन दिवसांत खाज गायब, तीन आठवड्यांनी पुन्हा हजर. तिसऱ्या इंजेक्शननंतर खंडू पाण्याचं भांडं रिकामं करत सुटला आणि रात्री हॉलमध्ये तळं करून ठेवलं. स्टेरॉइडने तहान, भूक आणि लघवी तिन्ही वाढतात हे मला नंतर कळलं. तोवर बिचाऱ्याला ओरडून झालं होतं. मधल्या काळात टेकडीवर भेटणाऱ्यांचे सल्ले चालूच होते. कडुनिंबाचं पाणी झालं, हळद झाली. खोबरेल तेल लावलं तर खंडूने ते चवीचवीने चाटून साफ केलं. आणि प्रत्येकाचा निकाल एकच: “चिकन बंद करा, उष्ण पडतं.”

शेवटी आम्ही प्राण्यांच्या त्वचेचं काम करणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो. मी तयारीने विचारलं, रक्त तपासून अन्नाची ॲलर्जी कळेल ना? ते म्हणाले, “त्या रिपोर्टवर विसंबता येत नाही. पैसे वाचवा, पुढे लागतील.” त्यांनी पंजाच्या बेचक्यात चिकटपट्टी दाबली, ती काचेवर लावून मायक्रोस्कोपखाली धरली आणि मला बघायला लावलं. यीस्टचे, म्हणजे एका बुरशीचे ठिपके, नुसता सडा पडलेला. मग ब्लेडने त्वचा थोडी खरवडून खरजेचे किडे आहेत का तेही पाहिलं. ते नव्हते.

त्यांनी क्रम ठरवून दिला. आधी पिसवा, मग त्वचेचा संसर्ग, मग अन्न. या तिन्हींनंतरही खाज उरली, तर ती हवेतल्या गोष्टींची: धूळ, धुळीतले सूक्ष्म किडे, परागकण. पिसवांची ॲलर्जी असेल तर एखाद्या चाव्यातली लाळही पुरते, पण ती खाज बहुधा शेपटीच्या मुळाशी असते. खंडूची पंजे, कान, काखा आणि पोटावर होती. तरी मानेवर टाकायचे थेंब महिन्याला सुरू केले. गोळी नको म्हणाले, कारण त्या चघळायच्या गोळ्यांनाही मांसाचा स्वाद असतो आणि पुढची अन्नाची परीक्षा त्याने बिघडते.

संसर्गासाठी आठवड्यातून दोनदा क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या शांपूने आंघोळ. फेस अंगावर दहा मिनिटं ठेवायचा, नाहीतर उपयोग नाही. 32 किलोचं जनावर दहा मिनिटं फेसात उभं करून बघा एकदा! मी स्टुलावर बसून मोबाइलवर वेळ लावायचे आणि खंडू नळाकडे करुण नजरेने बघायचा. पण तीन आठवड्यांत वास गेला आणि खाज निम्म्याने उतरली. म्हणजे ज्याला आम्ही ॲलर्जी म्हणत होतो त्यातलं अर्धं संसर्गाचंच होतं.

मग अन्न. आजवर काय काय खाल्लंय, असं डॉक्टरांनी विचारलं. चिकन, अंडी, पोळी, दूध, पनीर, रविवारचं मटण, बांगड्याचं डोकं... मी सांगत गेले आणि त्यांनी पेन खाली ठेवलं. “पूर्वी कधीच न खाल्लेलं मांस द्यायचं असतं. तुमच्याकडे उरलंय काय?” त्यामुळे हायड्रोलाइज्ड प्रथिनांचं खाणं आणावं लागलं. त्यातली प्रथिनं इतकी बारीक तोडलेली असतात की शरीराला ती सहसा ओळखू येत नाहीत. पिशवीची किंमत बघून नवऱ्याने विचारलं, “हे आपण खायचं का?” आठ आठवडे फक्त तेच आणि पाणी.

खंडूचं काही अवघड नव्हतं, अवघड होती माणसं. सासूबाई पोळीचा चतकोर लपवून आणायच्या. “अहो आई, नको ना,” म्हटलं की, “त्याचे डोळे बघ गं,” हे उत्तर. त्यांना एकदाच्या पटवल्या, तर चौथ्या आठवड्यात कळलं की नवरा सकाळी फिरवायला नेतो तेव्हा इस्त्रीवाले काका रोज अर्धी खारी देतात. मैदा आणि वर लोणी! डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, आता पुन्हा एकपासून मोजा. त्या दिवशी घरात कुणी माझ्याशी बोलायच्या भानगडीत पडलं नाही.

खारी धरून बारा आठवडे झाले आणि खाजेत काडीचा फरक नाही. मला रडू आलं. डॉक्टर मात्र खूश. “अन्न नाही, हे पक्कं कळलं की. कोंबडी निर्दोष.” त्या संध्याकाळी सासूबाईंनी बिनमिठाचं, बिनकांद्याचं चिकन शिजवून त्याच्यापुढे ठेवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू खटला त्यांनीच जिंकला होता.

उरली ॲटोपी, म्हणजे हवेतल्या गोष्टींची ॲलर्जी. ती बरी होत नाही, आटोक्यात ठेवायची. फिरून आलो की ओल्या फडक्याने पंजे पुसायचे आणि बेचक्या कोरड्या करायच्या. त्याचं अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यात धुवायचं. आंघोळी चालूच. पावसाळ्यानंतर टेकडीवर गाजर गवत माजतं तेव्हा आम्ही डांबरी रस्त्यानेच फिरतो. त्या दिवसांत त्याला जास्त त्रास होतो एवढं डायरीवरून दिसतं. खाज फार वाढली की ओक्लासिटिनिब या खाज कमी करणाऱ्या औषधाची गोळी, तीही वजन आणि रक्त तपासून, डॉक्टरांना विचारूनच. लसीसारखी इंजेक्शनंही असतात. त्यासाठी कशाची ॲलर्जी आहे ती चाचणी करावी लागते आणि गुण यायला वर्षभर लागू शकतं. त्याचा विचार दिवाळीनंतर करू.

डायरीत मी रोज शून्य ते दहा असे खाजेचे गुण लिहिते. मे महिना जवळपास सगळा एक आणि दोनचा. परवा पहिला पाऊस पडला, काल तीन लिहिला.