गोल मोडायचा नव्हता

गुरुवार, रात्रीचे साडेअकरा

पाय अजून ठणकतायत, आणि गंमत म्हणजे मी आज नाचलेच नाही. सकाळी सहापासून विंगेत उभीच होते. जिल्हास्तरीय युवा महोत्सव झाला, लोकनृत्यात आमचा दुसरा नंबर आला, म्हणजे आता सेंट्रलला, विद्यापीठाच्या मध्यवर्ती महोत्सवाला, जायचं. बस परत येताना मुलं ओरडून ओरडून दमली नि झोपली, मी मात्र जागीच. म्हणून झोपायच्या आधी हे लिहून ठेवते, नाहीतर उद्या सगळं नंबरापुरतंच आठवेल.

मी पहिल्यांदाच डान्स बसवला. याआधी तीन वर्षं मागच्या रांगेत नाचले. दरवर्षी बाहेरून कोरिओग्राफर यायचे, आठ-दहा दिवसांत सेट बसवून पैसे घेऊन जायचे, आणि मग महोत्सवात बघावं तर तोच मनोरा, तीच शेवटची धावपळ दुसऱ्या दोन कॉलेजांच्या नाचातपण. त्यांना दोष देत नाही मी, त्यांचं पोट आहे त्यावर. पण मग आम्ही कधी शिकणार? यंदा मॅडम मीटिंगमध्ये सरळ म्हणाल्या, बाहेरचं कोणी आणायचं नाही, पोरांतलंच कोणीतरी बसवेल, आणि माझ्याकडे बघितलं. नंतर त्यांनी मला हॉलची किल्ली दिली, सकाळी सहा ते आठ, आणि फेटे-झगे भाड्याने आणायचे पैसे कॉलेजकडून मंजूर करून घेतले. आणि सगळ्यात मोठं म्हणजे पहिले पंधरा दिवस त्या प्रॅक्टिसला फिरकल्याच नाहीत. मला चुकायला जागा दिली त्यांनी. हे किती मोठं आहे ते मला आता कळतंय.

धनगरी गजी, म्हणजे धनगरांचा ढोलावरचा नाच, करायची हे माझं आधीपासून ठरलेलं. लहानपणी आरेवाडीला बिरोबाच्या जत्रेत बघितलेली, आजोबांच्या खांद्यावरून. भंडाऱ्याने पिवळी झालेली माणसं आणि ढोल इतका जवळ की छातीत वाजतोय असं वाटायचं. पण व्हिडिओ बघून बसवायची नव्हती, म्हणून आम्ही चौघं एका गजी मंडळाकडे गेलो, जत तालुक्यात, एसटीने दोन बस बदलून. तिथल्या तात्यांनी पहिल्या दिवशी मुलींकडे बघितलंसुद्धा नाही. गजी बाप्यांनी खेळायची, आणि आमच्यात चार मुली आहेत म्हटल्यावर गप्पच झाले. दुसऱ्या दिवशी मात्र एका मुलीचा पाय चुकीच्या मात्रेवर पडला तर स्वतः उठून आले, तिच्या पायाशेजारी आपला पाय ठेवला आणि ढोलवाल्याला म्हणाले, पुन्हा वाजव. मग चार वेळा पुन्हा. तिथून पुढे मुलगा-मुलगी हा विषयच निघाला नाही.

माझा खरा गुंता वेगळा होता. गजी गोलात असते, मध्ये ढोल आणि कैताळ (मोठ्या झांजा), भोवती नाचणारे, सगळ्यांची तोंडं आत. स्टेजवर परीक्षक पुढे बसतात, म्हणजे अर्ध्या टीमची पाठच दिसणार. मी आधी सरळ गोल फोडला, दोन रांगा केल्या, वादक नेहमीसारखे स्टेजच्या कडेला बसवले. दिसायला छान दिसायचं, पण ठेका बदलला की मागची रांग हमखास अर्धी मात्रा मागे. आठ दिवस मी मुलांना झापत होते, काऊंट घेत होते, काही फरक नाही. मग तात्यांना फोन केला तर ते म्हणाले, "आगं, आतनं ढोल दिसला पायजे समद्यास्नी. ढोलवाल्याचा हात बगूनच पाय बदलत्यात." म्हणजे गोल काही शोभेसाठी नाही. ढोलवाला हात उचलतो तो बदलाचा इशारा, आणि तो सगळ्यांना एकाच वेळी दिसावा म्हणून गोल. मी इतके दिवस त्याला फॉर्मेशन समजत होते!

मग सगळं नव्याने बसवलं. नियमात दहा नाचणारे आणि पाच साथीदार चालतात, तर मी त्या पाचांना कडेवरून उठवून स्टेजच्या मध्यभागी उभं केलं. साथीदार मध्ये उभे राहिले तर चालेल का हे मॅडमना दोनदा विचारून घेतलं. गोल पूर्ण ठेवला, फक्त एकदाच उघडला, सुंबरान, म्हणजे सुरुवातीचं देवाचं गाणं, संपून ठेका चढतो तिथे, अर्धचंद्रासारखा, आणि सोळा मात्रांत परत मिटवला. मनोरा नाही. टीममधले दोघंजण शेवटपर्यंत म्हणत होते की मनोऱ्याशिवाय टाळ्या पडणार नाहीत. वेळ दहा मिनिटं, जत्रेत हीच गजी तासन् तास चालते, त्यामुळे काय ठेवायचं आणि काय सोडायचं यावर मी रात्ररात्र जागले. शेवटी साडेनऊ मिनिटांत आणलं.

आज स्टेजवर तिसऱ्या मिनिटाला एकाच्या हातातला रुमाल सुटला. हिरवा रुमाल, ढोलवाल्याच्या पायाजवळ पडला. माझा श्वासच थांबला, कारण तो उचलायला वाकला असता तर मागचा त्याच्यावर आदळला असता. तो वाकला नाही. त्याने रिकामी मूठ तशीच बंद ठेवली आणि रुमाल असल्यासारखाच हात फिरवत राहिला, आणि पुढच्या फेरीत ढोलवाल्याने ठेका न चुकवता तो रुमाल पायाने आत ओढून घेतला, कुणाच्या पायात येऊ नये म्हणून. हे मी बसवलेलं नव्हतं. गोलात सगळे एकमेकांना बघत होते म्हणून झालं, रांगेत झालं नसतं.

निकालानंतर एका परीक्षकांनी सांगितलं, पाठ जास्त दिसते, विचार करा. दुसऱ्यांनी पायांचं कौतुक केलं आणि कुठे शिकलात विचारलं, मी मंडळाचं आणि गावाचं नाव सांगितलं. दोघंही मनापासून बोलले. पाठीचं मला पटत नाहीये अजून. फॉर्मेशनला मार्क असतात हे माहितीये, पण तरी.

मॅडम बसमध्ये सांगत होत्या की देशातला पहिला आंतरविद्यापीठ युवा महोत्सव 1954 साली दिल्लीत, तालकटोरा गार्डनला झाला. आपल्याकडे राज्यातल्या विद्यापीठांचं इंद्रधनुष्य 2003 पासून. म्हणजे किती पोरापोरींनी असंच विंगेत उभं राहून नखं खाल्ली असतील. पुण्याला ललित कला केंद्रात नृत्याचं पुढे शिकता येतं हेही त्याच म्हणाल्या. घरी अजून विषय काढलेला नाही. बाबांना बीएड हवंय. दिवाळीत बोलेन.

एक सल आहे. दहा नाचणारे, पाच साथीदार, त्यात मी कुठेच नाही, त्यामुळे सर्टिफिकेट मला नाही. मुलांनी बसमध्ये एका कोऱ्या कागदावर पंधरा सह्या करून मला दिला, वर काहीच लिहिलेलं नाही, नुसत्या सह्या. तो या वहीत ठेवलाय.

सेंट्रलला बारा दिवस आहेत. ढोलवाल्याची त्याच आठवड्यात प्रॅक्टिकल आहे, त्याच्या एचओडींना उद्या भेटायचं. रुमालांना बोटात अडकवायची नाडी शिवून घ्यायची, वीसच्या वीस. अर्धचंद्र जरा आधी उघडून बघायचा, एकदाच, आणि ठेका मागे पडला तर परत होता तसाच ठेवायचा. तात्यांना यायला एसटीचं तिकीट काढून द्यायचं. सहाला हॉल उघडायचाय.