काच साफ राहिली! सलग 50 सेकंद आत बघता आलं

आज पहिल्यांदा मॉडेल विमानाचं छोटं टू-स्ट्रोक इंजिन चालू असताना हेडमधल्या काचेतून पिस्टनचा माथा, लायनरमधली (सिलिंडरच्या आतल्या नळीतली) पोर्टं म्हणजे वायूची भोकं, सगळं स्वच्छ दिसलं आणि तेही सलग 50 सेकंद. मागच्या वेळी मी 6 सेकंदांवर अडकलो होतो, त्यामुळे आनंद इतका झालाय की स्टँड आवरायच्या आधी हेच लिहायला बसलोय.

सेटअप तोच, 2.5 सीसी, 15 मिमी बोअर, 14 मिमी स्ट्रोक, हेडमध्ये वरून क्वार्ट्झची चकती आणि ग्लो प्लग (तापलेल्या तारेने मिश्रण पेटवणारा) बाजूने तिरका. आधीच्या दोन चकत्या तडकल्या त्याचं कारणही कळलं, विक्रेत्याने कडा घासूनच दिल्या नव्हत्या आणि दोन्ही तडे कडेच्या बारीक टवक्यापासूनच निघाले होते. या वेळी कड स्वतः ओल्या पॉलिश पेपरवर घासली, खाली मऊ तांब्याचं वॉशर, वर टेफ्लॉनचं, आणि स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे करत आवळले. चकती अजून शाबूत आहे.

खरं घोडं अडलं होतं ते काच धुरकट होण्यापाशी. मी सगळा दोष मिथेनॉलच्या इंधनात मिसळलेल्या एरंडेलाला (कॅस्टर तेलाला) देत होतो, कारण कॅस्टर जळून पिवळट चिकट थर धरतं हे आपण सगळ्यांनीच पाहिलंय, म्हणून पूर्ण सिंथेटिक तेलावर गेलो तर फक्त 3-4 सेकंद जास्त मिळाले. तेल कमी करून बघ असं दोघातिघांनी सुचवलं होतं, पण 20 टक्क्यांच्या खाली मी जाणार नाही, काच साफ ठेवण्यापायी बेअरिंग आणि लायनर घालवायचे नाहीत.

मग परवा जुने व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत बघितले आणि तेव्हा लक्षात आलं की धुरकटपणा दर वेळी एकाच बाजूने सुरू होतो, एक्झॉस्टच्या बरोबर समोरच्या. काजळी असती तर ती अशी एकाच बाजूने कशाला आली असती? आपलं इंजिन श्नुर्ले पोर्टिंगचं, म्हणजे ट्रान्सफर पोर्टांमधून सिलिंडरमध्ये येणारं ताजं मिश्रण एक्झॉस्टपासून लांब, मागच्या भिंतीवर चढतं आणि वरून वळून येतं, म्हणजे काचेला पहिला स्पर्श तिथेच. त्यात मिथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या साधारण तिप्पट उष्णता लागते, त्यामुळे ते मिश्रण गारच असतं. गार काचेवर गार ओलं मिश्रण आपटतंय, तेल तिथेच बसतंय. म्हणजे मी इतके दिवस पुसत होतो ते जळकं तेल नव्हतंच, न जळलेलं होतं!

उपाय एकदम साधा निघाला. हॉट एअर गनने हेड आधी 120 अंशांपर्यंत तापवलं, गन बंद करून लांब ठेवली आणि मगच इंधनाची नळी जोडली (हा क्रम चुकवू नका, मिथेनॉलची ज्वाळा उजेडात दिसत नाही), लगेच स्टार्टर. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत अॅल्युमिनियमवर फार कमी आकडा दाखवतो, म्हणून हेडवर काळ्या रंगाचा ठिपका दिलाय आणि तिथेच मोजतो.

आणि मग जे दिसलं त्याने डोळ्यांचं पारणं फिटलं. संध्याकाळी अंधार पडल्यावर, फोन 240 फ्रेमवर, इंजिन 7200 आरपीएमच्या आसपास, म्हणजे एका फेऱ्याला दोन फ्रेम. नीडल (इंधन कमी-जास्त करणारी सुई) रिच होती, म्हणजे इंधन जास्त जात होतं, तेव्हा चार फ्रेममधली एकच उजळत होती, फिकट निळी, कडेला किंचित नारिंगी, बाकी तीन काळ्या. फोर-स्ट्रोकिंग! इतकी वर्षं फक्त कानाने ओळखलेली ती जाड घरघर, एक फेरा सोडून एक पेटणं, ते समोर दिसत होतं. नीडल पाव फेरा आत घेतली, आवाज मोकळा झाला, थ्रॉटल मागे घेऊन परत 7200 वर आणलं तर दर दुसरी फ्रेम उजळायला लागली. हा तुकडा मी किती वेळा बघितलाय ते मोजलेलं नाही.

कॅमेरा अजून 45 अंशातल्या आरशातूनच बघतो, काच उडाली तर समोर चेहरा नको आणि प्रॉपच्या (पंख्याच्या) रेषेतही कोणी नको. साध्या आरशात मात्र प्रतिमा दुहेरी येते, आता पुढच्या बाजूला मुलामा असलेला आरसाच घेणार.

पुढचा बेत एलईडी स्ट्रोबचा (दर फेऱ्याला क्षणभर चमकणाऱ्या दिव्याचा) होता, प्रॉप ड्रायव्हरवर (प्रॉपमागच्या चकतीवर) चुंबक, ते जवळून गेलं की खूण देणारा हॉल सेन्सर, आणि दर फेऱ्याला अर्धा अंश उशीर, म्हणजे 720 फेऱ्यांत अख्खं चक्र संथपणे बघता येईल. पण लिहिता लिहिता वाटतंय की त्याआधी काचेच्या कडेला एक फोटोडायोड (उजेड ओळखणारा सेन्सर) लावावा. हॉल सेन्सर फेरे मोजेल, डायोड पेटलेले फेरे मोजेल, आणि नीडल कुठे आहे ते थेट आकड्यात कळेल, स्ट्रोबलाही फक्त पेटलेल्या फेऱ्यावरच चमकायला सांगता येईल. हो, हेच आधी करतो. उद्या हेड उतरवून डायोडसाठी तिरकं भोक कुठे बसतं ते बघतो, ग्लो प्लगच्या समोर जेमतेम 4 मिमी जागा आहे. कोणी असं काही बसवलं असेल तर डायोड उष्णतेपासून कसा वाचवला ते नक्की सांगा.