सकाळी तर बरी होतीस?

काकू, तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, कारण परवा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चार जणींनी हेच विचारलं, अगं सकाळी बाजारात, महाराज बाड्यावर भेटलीस तेव्हा तर छान होतीस, आता डोळा असा का मिटतोय, झोप नाही झाली का?

झोप झालीये हो. मला मायस्थेनिया ग्रॅव्हिस आहे. नस स्नायूला निरोप धाडते तो ॲसिटाइलकोलीन नावाच्या रसायनातून, आणि तो निरोप घेणाऱ्या स्नायूवरच्या जागा माझ्याच अँटीबॉडीज अडवून बसतात, मोडूनही टाकतात. पहिल्या हाका पोचतात, पुढच्या पोचेनाशा होतात. म्हणून सकाळी ठीक आणि संध्याकाळी पापणी खाली, एका काकूंच्या दोन काकू दिसतात (एक पुरतात खरं तर), आणि तिळाचा लाडू अर्धा चावून झाला की जबडा संपावर. जरा बसलं की परत येतं सगळं, त्यामुळे लोकांना नाटक वाटतं. अमिताभलाही ८०च्या दशकात हेच झालं होतं म्हटलं की लगेच पटतं. म्हणजे माझ्या पापणीला बच्चनची साक्ष लागते!

मी हातमोजे घालून असते त्याचं कारण वेगळं. तो रेनोड नावाचा दुसरा आजार, १८६२ मध्ये मोरिस रेनोड या फ्रेंच डॉक्टरने मांडलेला. गारठ्यात बोटांच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात, बोटं पांढरी, मग निळी, ऊब मिळाली की लाल आणि ठणका असा की रडू येतं. आणि ग्वाल्हेरची जानेवारी तुम्हाला माहितीये.

दोन्ही एकदमच कळलं. डॉक्टरांनी पापणीवर दोन मिनिटं बर्फ धरायला सांगितला, गारव्यात नसेचा निरोप नीट पोचतो म्हणून. पापणी खरंच उघडली, ते खूश, आणि आई माझ्या हाताकडे बघत बसलेली, बर्फ धरलेली तीन बोटं खडूसारखी पांढरीफटक. त्याआधी एकांनी नुसता चष्म्याचा नंबर बदलून दिला होता, असो.

मायस्थेनियासाठीची पायरिडोस्टिग्मिनची गोळी अर्ध्या-पाऊण तासात लागू पडते, तीन-चार तास चालते, पोटात मुरडा येतो ते वेगळं. काही अँटिबायोटिकने मायस्थेनिया बळावतो, म्हणून साध्या तापालाही आधी आजाराचं नाव सांगते, मग ताप.

तर पुढच्या वर्षी हळदीकुंकू चारला ठेवा, मी साडेतीनला गोळी घेऊन येते. आणि काकू, पाक जरा कच्चा काढा, लाडू मऊ होतात.