शुक्रवारी कोणता पिक्चर बघायचा, हे ठरवायला मी कशी शिकले (माझा अनुभव)

आमच्या घरी महिन्याला दोनच पिक्चर थिएटरला जाऊन बघायचे असं ठरलंय आणि ते पैशापायी ठरलंय. आम्ही चौघं, मी, माझे मिस्टर, दहा वर्षांची लेक आणि सासूबाई. शनिवारी संध्याकाळी मल्टिप्लेक्सची चार तिकिटं, वर ॲपचे बुकिंगचे पैसे, मध्यंतरात पॉपकॉर्न, आईंचा चहा, नाशिकच्या इंदिरानगरहून जायचं-यायचं पेट्रोल, असं सगळं धरलं की १८००-२००० रुपये कुठे गेले कळत नाही. त्यामुळे पिक्चर बेकार निघाला की नुसते पैसे जात नाहीत, महिन्यातली अर्धी हौस जाते.

मागच्या वर्षी दिवाळीच्या आसपास लागोपाठ तीन वेळा माझं चुकलं, आणि तिन्ही वेळा निवड माझीच होती.

पहिला पिक्चर रिव्ह्यू बघून निवडला होता. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता मोबाइल उघडला तर सगळीकडे पाच-पाच स्टार, "पैसा वसूल", "अंगावर शहारे". मी ऑफिसमधूनच शनिवारची तिकिटं काढली. इंटरव्हलनंतर आई झोपल्या, लेक मला कोपराने ढोसत "मम्मी किती वेळ राहिलाय" विचारायला लागली. रात्री घरी आल्यावर मी तेच रिव्ह्यू परत वाचत बसले आणि तेव्हा दिसलं की तीन वेगवेगळ्या नावांच्या अकाउंटवर एकच वाक्य आहे, शब्दाला शब्द, आणि तिन्हीकडे शहारेचं "शाहरे" झालंय. एकाच ठिकाणी लिहून वाटलेलं होतं ते. आणि दुसरं म्हणजे सकाळी अकराला तीन तासांचा पिक्चर बघून बाहेर पडलेला माणूस किती असणार, मला ते आधीच सुचायला हवं होतं.

दुसऱ्या वेळी लेकीला घेऊन गेले ते सर्टिफिकेट नीट न बघता. यूए दिसलं आणि मी समजले, चालतंय, आपण सोबत आहोतच. आता यूएचे तीन भाग झालेत, ७+, १३+ आणि १६+, नोव्हेंबर २०२४ पासून. आम्ही बसलो होतो तो १६+ होता. ए असेल तर थिएटरवाले अठराच्या खालच्या मुलांना आत सोडतच नाहीत, पण यूएला दारात कोणी अडवत नाही, तो निर्णय आईबापांवर सोडलाय, म्हणजे त्या आकड्याकडे बघायचं काम आपलंच. सुरुवातीलाच एकाला इतकं मारलं की मी तिच्या डोळ्यांवर हात धरला, पण आवाज तर कानात जातच होता. चार रात्री ती आमच्या दोघांच्या मध्ये झोपली. मला अजूनही त्याचं वाईट वाटतं.

आणि तिसरा तर मी बघितलाच नाही. त्याच तिसऱ्यामुळे खरं तर सगळी पद्धत बदलली.

तो एक छोटा मराठी सिनेमा होता, मोठं नाव कोणी नाही, पोस्टरसुद्धा साधं. ट्रेलरमधल्या आजीचं बोलणं आईंना फार आवडलं होतं, दोनदा लावायला सांगितला मला. पण दोन वेळा पोळल्यामुळे मी म्हटलं, थांबू, आठवडाभर लोक काय बोलतात बघू आणि मग दुसऱ्या रविवारी जाऊ. शुक्रवारी लागला तेव्हा नाशिकमध्ये त्याचे पाच शो होते. सोमवारी तीन राहिले. पुढच्या गुरुवारी संध्याकाळी बघितलं तर नव्या आठवड्यात एकच शो, सकाळी सव्वादहाचा, तोही शहराच्या दुसऱ्या टोकाला. तरी आम्ही रविवारी मिसळ बाजूला ठेवून साडेनऊलाच निघालो, आई काठी घेऊन तयार, आणि खिडकीवरचा मुलगा म्हणाला, "ताई, तो काल रात्रीच उतरवला." एवढंच. आई काही बोलल्या नाहीत, बाकड्यावर थोडा वेळ बसल्या, मग म्हणाल्या चला. तो सिनेमा अजून कुठल्या ओटीटीवर आलेला नाही. मी दर दोन-तीन महिन्यांनी शोधते.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं की सगळ्या पिक्चरला एकच नियम लावून चालत नाही. मोठा पिक्चर वाट बघतो, छोटा बघत नाही.

माझा एक मामेभाऊ काही वर्षं वितरणाच्या धंद्यात होता, त्याला फोन करून विचारलं की बाबा हे असं एका आठवड्यात उतरवतात कसं. त्याने समजावलं ते असं, की शो दर शुक्रवारी नव्याने लावतात, शनिवार-रविवार किती खुर्च्या भरल्या ते बघून सोमवारीच कापाकापी सुरू होते. कोणाला वाईट वाटो न वाटो, पुढच्या शुक्रवारी नवे चार पिक्चर दारात उभे असतात, त्यांना पडदा द्यायचा कुठून. हिंदीचं त्याने आणखी एक सांगितलं, २००९ मध्ये निर्मात्यांनी मल्टिप्लेक्सना पिक्चर देणं बंद केलं होतं ना, त्यानंतर तिकिटाच्या पैशांची वाटणी ठरली, पहिल्या आठवड्याला ५० टक्के पिक्चरवाल्यांचे, दुसऱ्याला ४२.५, तिसऱ्याला ३७.५, पुढे ३०. म्हणून तर सगळा जोर पहिल्या तीन दिवसांवर, सगळा गाजावाजा त्या आधीच. मराठीत करार वेगवेगळे असतात म्हणाला, पण पहिला शनिवार-रविवार गेला की सिनेमा गेला हे मराठीला जास्तच लागू.

मी म्हटलं, अरे पण मराठीला प्राइम टाइम द्यायचा नियम आहे ना. आहे, २०१५ पासून. पण त्यात प्राइम टाइम म्हणजे दुपारी १२ ते रात्री ९. आता मंगळवारी दुपारी पाऊणचा शो लावला तरी तो प्राइम टाइमच झाला, पण त्या वेळी मी ऑफिसात, मिस्टर अंबडला कंपनीत, लेक शाळेत, मग बघायला कोण जाणार? हे मला खरंच खुपतं. शो लावला म्हणायचा आणि माणसं येऊ शकणार नाहीत अशा वेळेला लावायचा, मग माणसं आली नाहीत म्हणून उतरवायचा.

असो. तर आता आमच्याकडे ठरवायचं काम बुधवारी रात्री भांडी झाल्यावर सुरू होतं. मी डायरीत या आठवड्याचे पिक्चर लिहिते, प्रत्येकापुढे भाषा, सर्टिफिकेट आणि लांबी. लांबी आईंसाठी, त्यांचे गुडघे अडीच तासांच्या वर साथ देत नाहीत, पावणेतीन तासांचा असेल तर तो कितीही चांगला असू दे, तो मी आणि मिस्टर दोघंच बघतो किंवा मग ओटीटीवर. हिंदीला मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्यांनी आठ आठवड्यांची अट ठेवलीय, तेवढं थांबल्याशिवाय ओटीटीवर आणायचा नाही, म्हणजे साधारण दोन महिन्यांनी तो घरी बघायला मिळतो हे धरून चालता येतं. साउथचे बऱ्याचदा चार आठवड्यांतच येतात. काही साउथचे पिक्चर हिंदीत मोठ्या मल्टिप्लेक्सला लागतच नाहीत त्याचं कारणही हेच, हे मला आधी माहीत नव्हतं, मी उगाच ॲपमध्ये शोधत बसायचे. भाषा मात्र नीट बघावी लागते, एकाच पिक्चरच्या हिंदी, तेलुगू, तमिळ अशा तीन-चार ओळी असतात आणि घाईत चुकीच्या ओळीवर बोट पडतं.

ट्रेलर मी पहिला एक मिनिटच बघते आणि बंद करते. हल्ली अडीच-तीन मिनिटांच्या ट्रेलरमध्ये सगळी गोष्ट सांगून टाकतात, शेवटची मारामारीसुद्धा. त्याऐवजी कथा-पटकथा कोणाची आहे ते बघते, त्यांनी आधी काय लिहिलंय. हिरोपेक्षा या नावावरून मला जास्त कळायला लागलंय.

मग दोन भाग पडतात. मोठा पिक्चर असला, सगळीकडे होर्डिंग, तर त्याला मी सोमवारपर्यंत हातच लावत नाही. शनिवार-रविवार तर काहीही भरतं. सोमवारी संध्याकाळी सातच्या शोचा सीट मॅप उघडायचा, नाशिकमधल्या दोन-तीन थिएटरचा. सोमवारी माणूस उगाच जात नाही, कोणीतरी त्याला "जा, बघ" म्हटलेलं असतं. सलग तीन रांगा एका झटक्यात गेलेल्या दिसल्या तर मी त्या मोजत नाही, कोणीतरी एकगठ्ठा घेतलेल्या असू शकतात. पण मागच्या रांगांमध्ये इथे दोन, तिथे तीन, कोपऱ्यात एक अशा खुर्च्या गेलेल्या असल्या की समजायचं, घरातली माणसं चाललीत. एकट्याने काढलेली तिकिटं तर मला फार विश्वासाची वाटतात.

आणि ऑफिसात जे बघून आलेत त्यांना मी "कसा आहे" असं विचारत नाही, त्यावर सगळे "बरा आहे" म्हणतात. मी विचारते, पिक्चर चालू असताना मोबाइल किती वेळा काढलास? आमच्या अकाउंट्समधला एक मुलगा, सगळ्या पिक्चरचं कौतुक करणारा, त्याला विचारलं तर विचार करून म्हणाला, "मॅडम, पाच-सहा वेळा." झालं, तो कटाप. आणि एकदा स्टोअरमधल्या ताई म्हणाल्या, "अगं मिस कॉल सात होते, मला बाहेर आल्यावर कळलं", तर तो पिक्चर आम्ही मंगळवारीच बघितला आणि फार छान निघाला. मंगळवारी बऱ्याच ठिकाणी तिकीट स्वस्त असतं, तोही फायदा.

रिव्ह्यू अगदी सोडलेत असं नाही. दोघांचे वाचते, एकाची आवड माझ्यासारखी आहे आणि दुसऱ्याची बरोबर उलटी. दुसऱ्याला "संथ" वाटला की आईंना तो आवडतोच, हे मी आता चार-पाच वेळा बघितलंय.

छोट्या मराठी सिनेमाला मात्र यातलं काहीच लावत नाही. त्याला बघायची माझी एकच अट, पहिल्या मिनिटात माणसं खरी बोलतायत असं वाटलं पाहिजे. वाटलं की शुक्रवार किंवा शनिवार, थांबायचं नाही. त्यांच्या शोच्या वेळा ॲपवर गुरुवारी संध्याकाळपर्यंत उघडतच नाहीत कधीकधी, त्यामुळे गुरुवारी मी दर तासाला बघते. यातले दोन पिक्चर साफ फसलेत आमचे, ते मान्य. पण त्यांचं मला तेवढं वाईट वाटत नाही, त्या बाकड्यावर बसलेल्या आईंचं वाटतं तेवढं.

मधे लेकीला पांडवलेणीजवळच्या फाळके स्मारकात घेऊन गेलो होतो. तिला सांगितलं की दादासाहेब आपल्या त्र्यंबकेश्वरचे, कंपनी त्यांनी नाशिकला आणली आणि १९४४ मध्ये इथेच गेले. तिने विचारलं, त्यांचा पहिला पिक्चर किती दिवस होता? तेवीस दिवस, मुंबईच्या कोरोनेशनला, १९१३ मध्ये. आणि जाहिरात त्यांनाही करावीच लागली होती, ५७ हजार फोटो, दोन मैल लांब चित्र, फक्त तीन आण्यात अशी. आईंनी यावर त्यांचं सुरू केलं, की सर्कलला, विजयानंदला त्या बघायच्या तेव्हा ठरवायचं काय, टांग्यावरून भोंगा ओरडत जायचा, आणि पिक्चर आवडला तर पुढच्या आठवड्यात जावेला घेऊन परत जायचं, तो तिथेच असायचा. "तिथेच असायचा" हे त्या दोनदा म्हणाल्या.

या आठवड्यात डायरीत पाच नावं होती. एक मोठा हिंदी, तो सोमवारच्या सीट मॅपवर. दोन १६+ म्हणून बाद, एक दोन तास बावन्न मिनिटांचा. पाचवा मराठी, दोन तास चार मिनिटं, यू सर्टिफिकेट, एका गावातल्या पोस्टमनची गोष्ट. काल गुरुवारी पावणेनऊला त्याच्या वेळा उघडल्या, नाशिकमध्ये तीनच शो. आज संध्याकाळी साडेसहाचा सिटी सेंटर मॉलचा घेतलाय, चार तिकिटं, आईंना पाय लांब करता यावा म्हणून कडेची खुर्ची. मी काढली तेव्हा पूर्ण मॅपमध्ये आमच्या धरून अकरा खुर्च्या गेल्या होत्या, आत्ता दुपारी परत बघितलं तर एकोणीस आहेत. लेकीला शाळेतून घेऊन परस्पर निघतोय, आईंनी शाल सकाळीच काढून ठेवलीय, एसीत त्यांना गारठा लागतो.